आप्पांनी माईक खाली ठेवला

माझी नोकरी नेमकी कसली, हे आमच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. तिची उमेदीची सगळी वर्षं निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत गेली. नाकातोंडाला पदर बांधून दिवसभर तंबाखू चाळायची, आणि संध्याकाळी घरी आली की आधी दारात उभी राहून शिंकायची. काम म्हणजे ज्यानं अंग दुखतं ते, अशी तिची साधी व्याख्या. मी बेळगावच्या एका दवाखान्यात समुपदेशक म्हणून लागले तेव्हा तिनं विचारलं, "म्हंजे करायचं काय गं?"

"मुलांशी बोलायचं."

"आनि?"

"आणि ऐकायचं."

आई उठली. मग शेजारणीला सांगून आली, "आमची पोरगी दवाखान्यात हाय. कसल्या डिपारमेंटला ते कळंना."

आता निवृत्त होऊन बेळगावातच, टिळकवाडीत घरी बसले आहे, तरी लग्नाकार्यात तोच प्रश्न येतो. मी सांगते, जगणं नको झालेल्या पोरासोरांशी बोलायचं काम होतं. ऐकणाऱ्याच्या हातातला जिलेबीचा तुकडा तिथंच थांबतो. "बापरे! मग तुम्हाला त्रास नाही व्हायचा?" व्हायचा. पण त्या खोलीत मी जेवढी हसले, तेवढी दुसरीकडं कुठं हसले नसेन.

नमुनेच तसे यायचे. खानापूरकडचे एक मामा भाच्याला दंडाला धरून घेऊन आले. "म्याडम, ह्याला एकदा चांगलं झापा. आमचं ऐकत न्हाय." मी म्हटलं, "झापायला तुम्ही होता की. गुण आला का?" मामांनी भाच्याचा दंड सोडला. एक आजी नातीला घेऊन यायच्या आणि बाहेर बाकावर बसायच्या. एक दिवस नात बाहेर पडल्या पडल्या त्या आत शिरल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "आता माझी पाळी." सुनेविषयी मनसोक्त बोलल्या. उठताना म्हणाल्या, "लई हलकं वाटलं बघ बाई. पोरीस्नी असलं मिळतंय, आमास्नी कुठं व्हतं?"

बाहेरच्या माणसाला या कामातली एक गोष्ट सांगायलाच हवी. 'मरावंसं वाटतं का?' असा सरळ प्रश्न मुलाला विचारला तर नसलेलं खूळ डोक्यात शिरेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. खूळ आधीच शिरलेलं असतं. मूल ते एकटं वागवत असतं. कुणीतरी न बिचकता विचारलं की त्याला ते खाली ठेवायला जागा मिळते. माझ्या धंद्यातलं हे पहिलं कौशल्य. दुसरं त्याहून अवघड. मुलाला माझ्याशी बोलतं करणं सोपं असतं, कारण मी परकी. त्याला त्याच्या घरच्या माणसाशी बोलतं करायचं, हे खरं काम. कारण मी आठवड्यातून एकदा भेटणार, आणि मन कधी काळवंडेल ते काही माझी वेळ बघून काळवंडत नाही.

ते कसं होतं हे सानिकाच्या गोष्टीतून सांगते. नावं बदलली आहेत. तिची आणि तिच्या वडलांची परवानगी घेतली आहे. वडलांनी एकच अट घातली : "आमची कॉमेंट्री बरी असती, तेवढं ल्ह्या." लिहिते. त्यांची कॉमेंट्री फार सुंदर असते.

सानिका कडोलीच्या बाजूच्या एका गावची. बटाटा, कोबी, भात करणारं घर. मराठी शाळेत एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, ती पहिल्या दोघातिघांत असायची. मग बेळगावात पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेतलं. शिकवणं इंग्रजीतून, वर्गातल्या मुलींच्या गप्पा कन्नडमधून. कन्नड तिला येत होतं, इंग्रजीही वाचता येत होतं, पण फळ्यावरचं काही डोक्यात शिरेना. पहिल्या परीक्षेत ती तीन विषयांत नापास झाली. त्यानंतर तिनं आधी डबा खायचा सोडला, मग बोलायचं. एक दिवस ती आपल्या वस्तू वाटायला लागली. कंपास एकीला, आवडता निळा स्वेटर दुसरीला. स्वेटर मिळालेली मैत्रीण हुशार. ती खूश न होता घाबरली आणि तिनं धावत जाऊन लेक्चरर बाईंना सांगितलं. बाईंनी त्याच दिवशी आईवडलांना बोलावून तिला माझ्याकडं पाठवलं.

वडलांनी "नमस्कार म्याडम!" म्हटलं आणि बाहेरचा शिपाई दचकून उभा राहिला. असा आवाज त्या खोलीनं ऐकला नव्हता. परशराम आप्पा शेती करायचे, पण मुलखाला माहीत होते ते कुस्तीच्या मैदानाचे निवेदक म्हणून. यात्रेतला आखाडा असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो नाहीतर साहित्य संमेलनाच्या मंडपात आभार मानायचे असोत, माईक त्यांच्याच हातात.

"त्याचं असं हाय म्याडम," त्यांनी सुरुवात केली, "आमची सानिका म्हंजे वाघीण! जरा मन खचलंय. पर मी तिला सांगतोय, पाठ मातीला लागली म्हणून पैलवान कधी आखाडा सोडतोय का? न्हाय सोडत! लाल माती कपाळाला लावून पुन्यांदा..."

आई, मालूताई, जमिनीकडं बघत होत्या. सानिका पंख्याकडं. मी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला आणि दोनदा चीतपट झाले. शेवटी उठून दार उघडलं आणि म्हटलं, "आप्पा, आता मी हिच्याशी एकटीनं बोलते."

दार लागल्यावर खोलीत इतकी शांतता झाली, की आम्ही दोघींनी आधी ती नुसती ऐकली. मी तिला नियम सांगितला. इथलं बोलणं इथंच राहील. फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी घरच्यांना सांगणार, आणि तेही तुला सांगून. तिनं मान हलवली. मग पंख्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "मेडम, ननगे साकागिदे."

आमच्या भागात 'साकु' हा शब्द पोराबाळांना ठाऊक. कन्नड घरात जेवायला बसलं आणि वाढणारी बाई भात घेऊन आली की हात आडवा धरून म्हणायचं, साकु. पुरे. सोळा वर्षांची पोर ते ताटाबद्दल म्हणत नव्हती.

"साकु म्हणजे, जगणं साकु झालंय?" मी विचारलं. "मरावंसं वाटतं?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "व्हय."

मग तिनंच विचारलं, "तुमी घाबरला न्हाय?"

"घाबरले की. विचारलं नसतं तर जास्त घाबरले असते."

ओठाचा एक कोपरा हलला. ते हसू म्हणता येणार नाही, पण मी मनातल्या मनात त्याची नोंद केली. मग विचारलं, "कन्नडमध्ये का सांगितलंस गं?"

"मराठीत काय बी बोलाय गेलं की आप्पांचं वाटतंय. सगळी वाक्यं त्यांनीच वापरलेली."

त्या दिवशी पुढचं सगळं सावकाश आणि न चुकता करायचं होतं. मनोविकाराच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, औषध सुरू केलं. मी आणि सानिकानं मिळून ठरवलं की मन काळं व्हायला लागलं तर आधी काय करायचं, मग कुणाजवळ जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा. तिच्यासमोरच आईवडलांना सगळं सांगितलं. आप्पांचा आवाज प्रथमच गेला. मालूताईंना म्हटलं, पोरीला काही दिवस एकटं सोडायचं नाही, आणि घरातली, शेडातली धोक्याची प्रत्येक वस्तू कुलपात. त्या बाईनं हे काम असं मनावर घेतलं, की पुढं संकष्टीला नारळ फोडायला घरात कोयता मिळेना. किल्ली त्यांच्या कमरेच्या पिशवीत, आणि त्या गेलेल्या बाजाराला. आप्पांनी नारळ दगडावर आपटून फोडला आणि पुढच्या भेटीत मला त्याचं रसभरीत वर्णन ऐकवलं. सानिका तेव्हा चक्क म्हणाली, "आई मला चमचा सुदीक मोजून देती."

दोनचार भेटींनंतर मी तिला आमच्या कामातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न विचारला. "एवढं जड होतं तेव्हा आप्पांकडं का जात नाहीस?"

"गेलतो की," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी रागात असल्या की अशाच 'गेलतो, आलतो' बोलतात. "एकदा गेलतो."

परीक्षेत नापास झाली त्या संध्याकाळी ती गोठ्यात आप्पांजवळ जाऊन रडली होती. मला जमत नाही, मला भीती वाटते, म्हणाली होती. आप्पांनी पाठ थोपटली, पैलवानाची एक गोष्ट सांगितली. इथवर ठीक. पण पुढच्याच आठवड्यात गावच्या शाळेत कार्यक्रम होता. आप्पांच्या हातात माईक. समोर सगळं गाव, आणि मुलींच्या रांगेत सानिका. बोलता बोलता आप्पा म्हणाले, "अपयशाला भ्यायचं न्हाय! लांब कशाला, आमचीच सानिका परवा गोठ्यात येऊन ढसाढसा रडली..." आणि त्यांनी तिच्या हुंदक्याची नक्कल केली. लोक हसले. वाईट हेतूनं नव्हे. आप्पांनी केलंच तसं हुबेहूब. मग त्यांनी तिला उभं राहायला लावलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या.

"म्हशीच्या कानात सांगितलेलं ल्वाडस्पीकरवरनं आलं बघा," सानिका म्हणाली. "तवापास्नं कुणालाच काय सांगितलं न्हाय."

नापास होण्यापेक्षा हे मोठं होतं. नापास झालेल्या पोरीला जायला एक जागा होती. ती त्या दिवशी गेली.

मी तिला म्हटलं, "हे आप्पांना सांगायचं. मी सोबत असेन. आधी मला त्यांची तयारी करून घेऊ दे."

आप्पांना एकट्याला बोलावलं. ते आल्याबरोबर सुरू झाले. मी थोडं ऐकलं आणि मध्येच विचारलं, "आप्पा, तुम्ही लहान असताना रडू आलं तर कुणाकडं जात होता?"

"आमी? आमी कुठलं रडतोय म्याडम!" ते मोठ्यानं हसले. मी हसले नाही, नुसती बसून राहिले. आमच्या कामात हे एक हत्यार आहे, न बोलण्याचं. निवेदकावर ते फारच लागू पडतं, कारण रिकामी जागा त्याला सोसत नाही.

हळूहळू त्यांचा आवाज खाली आला. त्यांचे वडील नावाजलेले पैलवान. मुलगाही पैलवान व्हावा ही इच्छा. पोरवयातल्या एका कुस्तीत परशराम सगळ्या गावासमोर पडला. वडील काही बोलले नाहीत. उठले आणि घराच्या वाटेला लागले. मुलगा मागोमाग. अख्ख्या वाटेत त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही, आणि नंतर त्या कुस्तीचा शब्द काढला नाही.

"रागावलं असतं तरी चाललं असतं म्याडम," आप्पा म्हणाले. "ती शांतता लई वाईट. मी ठरवलं, आपल्या पोरांस्नी असं गप गप ठेवायचं न्हाय. तवापास्नं मी बोलूलालोय."

मग त्यांनीच विचारलं, "पोरीला काय झालंय माझ्यामुळं?"

"ते तीच सांगेल. तुम्हाला फक्त ऐकायचं आहे. पैलवान नाही, म्हण नाही, दाखला नाही, समजावणं नाही. 'माझा तसा हेतू नव्हता' हेही नाही. तुमच्याकडं एवढंच वाक्य : अजून सांग."

"आन मधी शांतता पडली तर?"

"पडू द्या."

"लई अवघड डाव हाय," ते म्हणाले. पण शिकायची तयारी त्या माणसाची अशी, की पुढचे आठ दिवस घरी सराव केला. मालूताई सांगायच्या, मी भाजीत मीठ जास्त पडलं म्हटलं तरी हे म्हणतात, अजून सांग.

तो दिवस उजाडला. मालूताई माझ्या बाजूला, सानिका आणि आप्पा समोरासमोर. आप्पांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. हात मोकळे असले की तोंड सुटतं, हे त्यांनीच शोधून काढलं होतं. अस्वस्थ शांतता पडली. आप्पांना ती सोसवेना. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तर मंडळी..."

आणि सानिका हसली. खळखळून. मग तेही हसले, मालूताई हसल्या, आणि ते हसणं संपता संपता सानिकाला रडू फुटलं. त्यातच ती सगळं बोलली. गोठा, माईक, हुंदक्याची नक्कल, टाळ्या. "तुमी माझं रडणं लोकास्नी वाटलासा आप्पा. मला इचारलासा बी न्हाय."

आप्पांनी तोंड उघडलं, मिटलं. मी मनात म्हटलं, आता पैलवान येणार. नाही आला.

"अजून सांग," ते म्हणाले.

"मला डाक्टर व्हायचं न्हाय. पोरगी डाक्टर व्हनार, हे बी तुमी माईकवर सांगून ठेवलासा."

"अजून."

"मला मरावं वाटत व्हतं, आन तुमी शेजारच्या खोलीत उद्याचं भाषण पाठ करत व्हतासा."

आप्पांनी मांडीखालचा हात काढला आणि तिच्यापुढं उताणा ठेवला. "चुकलं माझं, सानिका," ते म्हणाले. तो आवाज मी ओळखलाच नसता. खोलीच्या दारापर्यंतही पोहोचला नसता. "तुझं होतं ते. मी न्यायचं न्हवतं." पुढं एक शब्द नाही. सानिकानं त्यांच्या हातावर हात ठेवला. मालूताईंनी मला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनी विचारलं, हे आमचंच माणूस का?

इथं गोष्ट संपवली असती तर बरी दिसली असती. पण मन असं एका दुपारीत बरं होत नाही. ते चढतं, उतरतं. आणि ऐकायला शिकलेला माणूस ऐन वेळी ऐकतो का, हे माझ्या खोलीत कळत नाही.

आठवड्यातला एक दिवस मी निपाणीत बसायची. बसस्टँडवरून दवाखान्यापर्यंत रिक्षा. एकदा मी बसल्या बसल्या रिक्षावाला सुरू झाला. "म्याडम, काल मैदानाला आलतासा काय? न्हाय? बरं झालं. लई फजिती. शेवटची कुस्ती, पैलवान हातात हात घालून हुबं, पब्लिक हे एवढं! आन निवेदकाचा फोन वाजला. त्या बाबानं फोन बघितला, माईक टेबलावर ठेवला, आन चालता झाला! ह्या भागातला सगळ्यांत मोठा निवेदक, म्याडम! कमिटीवालं हाका मारूलालेत, पब्लिक शिट्ट्या मारूलालंय, हा गडी मागं वळून बघंना. ट्रकच्या आडोशाला जाऊन फोन कानाला लावून बसला. मोठा मानूस झाला की दिमाख येतोय बघा."

"असेल काही काम," मी म्हटलं.

"असलं कसलं काम? एवढं मैदान सोडून!"

निवेदक कोण ते मी ओळखलं होतं, पण तोंड बंद ठेवायचं होतं. धंद्याचा नियम. दवाखान्यात पोहोचले आणि आधी सानिकाच्या घरी फोन लावला. मालूताईंनी उचलला. "व्हय म्याडम, काल लई वाईट झालतं. आता बरी हाय. तिघं बी तुमच्याकडंच, निपाणीला यायला निघालोय."

नंतर कळलं ते असं. संध्याकाळी मालूताई शेजारी गेल्या होत्या, आणि सानिकाला पुन्हा तोच काळोख आला. ठरल्याप्रमाणं ती चालायला गेली, मग मैत्रिणीला फोन लावला; तो लागला नाही. तेव्हा तिनं आप्पांना केला. ते मैदानावर असणार, हे माहीत असून केला.

"मला वाटलं, उचलणार न्हाईत," ती म्हणाली. "उचलला. मागनं लोक वरडूलालते. मी म्हटलं, आप्पा, परत तसं वाटतंय. त्यांनी एवढंच विचारलं, घरात कोण हाय? आई येस्तोवर फोन ठेवला न्हाय."

"काय बोलले गं?"

"काय न्हाय." ती वडलांकडं बघून हसली. "नुसतं श्वास ऐकू येत व्हता. म्हसरागत."

आप्पांना कमिटीनं पुढच्या वर्षी बोलावलं नाही. ते म्हणाले, "शेवटची कुस्ती कुणी मारली ते मला अजून ठावं न्हाय म्याडम." हे सांगताना त्यांची छाती अशी फुगली होती, की जणू त्यांनीच मारली.

सगळ्याच गोष्टी अशा लागत नाहीत. पहिल्या भेटीनंतर न आलेली मुलं आहेत. एका मुलाला हवापालटासाठी म्हणून घरच्यांनी दूर नेलं. पत्ता नाही, फोन लागत नाही. ताटावर बसले की अधूनमधून त्याचा चेहरा येतो. तो कुठंतरी कुणाशीतरी भांडत असावा, नोकरीवर उशिरा पोहोचत असावा, एवढंच मनात म्हणते.

सानिकानं सायन्स सोडलं, वर्ष वाया घालवून कॉमर्स घेतलं. औषध पुढं डॉक्टरांनी हळूहळू बंद केलं. आमच्या भेटी आठवड्याच्या महिन्यावर गेल्या, मग थांबल्या.

गेल्या दिवाळीच्या आधी मी टिळकवाडीत आकाशकंदील बघत उभी होते. पलीकडं दोन मुली कंदिलांवरून हुज्जत घालत होत्या. एक सानिका. केस कापलेले, खांद्याला ऑफिसची पिशवी. मागं आप्पा दोन कंदील दोन हातांत धरून उभे. "चांदणीच घ्यायची," ते म्हणत होते. "आप्पा, गपा बघू, तुमास्नी काय कळतंय," ती म्हणाली, आणि वळताना मी दिसले.

ओळख दाखवायची की नाही, हे मी नेहमी समोरच्यावर सोडते. तीच पुढं आली. "कशा हाय म्याडम? ह्यातला कुठला बरा सांगा?" मी गोल दाखवला. "बघा आप्पा!" ती जिंकल्यासारखी म्हणाली. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांचा भर मैदानात घात केला होता.

मी निघाले. मागून मैत्रिणीचा आवाज आला, "कोण गं ह्या?"

"त्या व्हय?" सानिका म्हणाली. "आमच्या वळकीच्या हाईत." आणि पुढच्याच श्वासात दुकानदाराला, "अण्णा, हा गोल द्या, पर वायर लांब पायजे हं, आमचा पुढचा सोपा मोठा हाय."